वायर तोडली त्या वर्षीची फायनल

मी एक जुना रंगीत टीव्ही आहे. एकवीस इंची काच, पाठीला कुबड आणि वजन असं की दोन माणसांशिवाय जागचा हलत नाही. हल्ली भिंतीला टांगायचे पातळ टीव्ही निघालेत म्हणे. निघू देत बापडे. पण मित्रांनो, एका रविवारी मी जे सोसलं ते त्यांच्या वाट्याला आलेलं नाही, म्हणून तेवढं ऐकून घ्या.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. कुणी काच बसवली, कुणी बटणं लावली आणि शेवटी चष्मा लावलेल्या एका बाईंनी माझे रंग तपासून मला पास केलं. चौऱ्याण्णव सालच्या दिवाळीत कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या दुकानातून आण्णांनी मला विकत घेतलं. आण्णा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. मला रिक्षाच्या मागच्या सीटवर ऐसपैस बसवून ते स्वतः रिक्षावाल्याशेजारी अंग चोरून बसले होते. घरी त्यांच्या पत्नी बयाबाईंनी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली मला जागा दिली आणि डोक्यावर हातानं विणलेला रुमाल घातला. त्यांची शिवानी तेव्हा बारा वर्षांची होती आणि नागसेन दहा वर्षांचा.

ते दिवस माझ्या मानाचे होते. निम्मी गल्ली आमच्या घरात बसायची. दोन वर्षांनी ज्ञानू नावाच्या तरुणानं गल्लीभर केबलच्या वायरी ओढल्या आणि माझ्या पाठीत पिन खुपसली. एकदम चाळीस चॅनेल! ज्ञानूचा स्वतःचाही एक लोकल चॅनेल होता. त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा लागायच्या, हरवलेल्या पाकिटांच्या जाहिराती लागायच्या आणि फुटबॉल लागायचा.

बाहेरगावच्या मित्रांना हे सांगायला हवं. कोल्हापुरात पेठेपेठेला तालीम असते आणि तालमीतालमीचा फुटबॉलचा संघ असतो. आपला संघ हरला की त्या रात्री कित्येक घरांत जेवणावर कुणाचं मन लागत नाही. आण्णा तरुणपणी आमच्या तालमीचे गोलकीपर होते. पुढे त्यांनी गल्लीत दोन विटा मांडून त्यांच्यामध्ये नागसेनला उभं केलं आणि गुडघे फुटेपर्यंत त्याला घडवलं. हे सगळं उघड्या दारातून मी पाहिलं आहे.

मग दिवस फिरले. बयाबाई गेल्या. दोन हजार पाचच्या पावसाळ्यात आण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. ज्या माणसाच्या आवाजानं वर्कशॉप दणाणायचं, त्याच्याकडे 'व्हय' आणि 'न्हाय' हे दोनच शब्द उरले. नागसेनला गडहिंग्लजला नोकरी लागली होती. तो तिकडेच सराव करायचा आणि सामन्यापुरता एसटीनं यायचा. घर आलं शिवानीच्या अंगावर. दिवसभर झेरॉक्सच्या दुकानात उभं राहायचं आणि संध्याकाळी आण्णांचं अंग चोळायचं, असं तिचं चाललं होतं. गोळ्या महाग, मालिशवाला महाग. कुठं कात्री लावावी या विचारात ती असायची.

तेवढ्यात सरकारी फुकट छत्रीची, म्हणजे पत्र्यावर बसवायच्या डिश अँटेनाची, बातमी गल्लीत आली. एकदा छत्री घेतली की महिन्याला एक पैसा द्यायला नको. शिवानीला ते पटलं, आणि पटण्यासारखंच होतं. महिन्याच्या केबलच्या पैशात आण्णांच्या आठ दिवसांच्या गोळ्या येत होत्या. तिनं आण्णांना विचारलंही. गोळ्यांच्या पाकिटावरची किंमत वाचता वाचता ती म्हणाली, "आण्णा, केबल बंद करून टाकू?"

आण्णा म्हणाले, "व्हय."

शिवानी पाकीट वाचत होती. आण्णांचा चेहरा फक्त मी पाहिला. लेकीवर आपला भार नको म्हणून बापानं गिळलेला तो 'व्हय' होता. मित्रांनो, मला आवाज आहे, पण तो सगळा दुसऱ्यांचा. 

ज्ञानू वायर काढायला आला तेव्हा त्याची आणि शिवानीची चांगलीच जुंपली. छत्रीवर काय दिसतंय, शेतीच्या बातम्या का, असं तो म्हणाला. आमचं आम्ही बघू, तुझी वायर गुंडाळ, असं हिनं सुनावलं. त्यानं पिन अशी हिसडून काढली की माझ्या पाठीतली आधीच सैल असलेली खोबण आणखी सैल झाली. माझी चूक नव्हती, वाद त्यांचा होता, पण मार मला बसला.

महिना गेला. छत्री चांगली होती, उगाच नावं कशाला ठेवू? बातम्या लागायच्या, जुनी गाणी लागायची. आण्णा माझ्याकडे पाहायचे, पण पावणा जसा दुसऱ्याच्या घरातलं कॅलेंडर पाहतो तसे.

आणि तो एप्रिलचा रविवार उजाडला. नागसेन सकाळच्या एसटीनं आला, भाकरी खाल्ली, बॅग उचलली. फायनल होती. तालमीचा मोठा गोलकीपर जखमी झाल्यामुळे नागसेन पहिल्यांदाच फायनलला गोलात उभा राहणार होता. तो आण्णांच्या खाटेजवळ वाकला आणि त्यांचा डावा हात हातात घेऊन म्हणाला, "आण्णा, चारला सुरू हुतंय. ज्ञानूच्या चॅनेलवर दावणार हाईत. तुम्ही बघतायसा म्हणूनच उभारतोय मी."

तो गेला. घरात शिवानी भाताचं पातेलं हातात धरून तशीच उभी राहिली. केबल तोडल्याचं तिनं भावाला कळवलंच नव्हतं. आणि लोकल चॅनेल छत्रीवर येत नाही, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिनं रिमोट घेऊन सगळे चॅनेल एकदा फिरवले, पुन्हा फिरवले. कुठंही कोल्हापूर नव्हतं.

आण्णा तिच्याकडे पाहत नव्हते. ते भिंतीकडे पाहत होते. ते पाहून ती चपला न घालताच ज्ञानूच्या दुकानाकडे पळाली. शटर बंद होतं. ज्ञानू कॅमेरा घेऊन स्टेडियमवर गेला होता. ती परत आली तेव्हा पावणेचार वाजले होते. शेजारच्या घरातून लोकल चॅनेलचा आवाज येत होता, मैदानावर संघ आल्याचा.

शेजारी झुंबरबाई राहायच्या. नेसरीकडच्या शेतकरी घरातल्या, तिकडच्या रीतीनं स्वतःला 'येतो-जातो' म्हणणाऱ्या, बोलायला फटकळ आणि वागायला सरळ. शिवानीनं आण्णांना उचलून त्यांच्याकडे न्यायची गोष्ट काढली. आण्णांनी डावा हात खाटेवर आपटला. "न्हाय." चार माणसांनी उचललेलं त्यांना चालणार नव्हतं, कधीच चाललं नव्हतं. शिवानीच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा दारात उभ्या असलेल्या झुंबरबाई म्हणाल्या, "रडतीस कशाला गं? माझ्या टीव्हीची वायर काढ आणि तुझ्याला लाव. मी हितंच येऊन बसतो की."

झुंबरबाईंची वायर सज्ज्यावरून ओढली, तर आमच्या खिडकीपर्यंतच पुरली. तिथून माझ्यापर्यंत पाच हात अंतर. घरात दुसरी वायर एकच होती, छत्रीची. शिवानीनं शिडी लावली, पत्र्यावर चढली आणि भाजी चिरायच्या सुरीनं छत्रीची वायर कापून खाली आणली. दातांनी सोलून दोन्ही वायरींच्या तारा एकमेकींना पिळल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि पिन माझ्या पाठीत घातली. सामना सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली होती.

माझ्या काचेवर नुसत्या मुंग्या. तिनं पिन दाबली, चित्र आलं. हात सोडला, चित्र गेलं. काडेपेटीची काडी खोचली, कागदाची घडी खोचली, काही उपयोग झाला नाही. खोबण पार ढिली झाली होती. तिनं पिन बोटांत धरून ठेवली तेव्हाच चित्र स्थिर राहिलं. मग ती माझ्या पाठीमागे, भिंत आणि टेबल यांच्या फटीत उभी राहिली. चित्र समोर होतं आणि ती मागे. मलाही माझ्या काचेवरचं काही दिसत नाही, मला दिसतो तो समोरच्याचा चेहरा. तेव्हा त्या घरात सामना पाहणारी माणसं दोनच, आण्णा आणि झुंबरबाई.

पहिला गोल आपण केला, उत्तरार्धात त्यांनी फेडला. त्या गोलाच्या वेळी शिवानीला राहवलं नाही, ती बाजूनं वाकून बघायला गेली आणि पिन निसटली. चित्र गेलं. आण्णा ओरडले, "न्हाय!" तिनं चाचपडत पिन परत बसवली. त्यानंतर मात्र ती हलली नाही. एप्रिलची उन्हं, वर तापलेला पत्रा, माझीही पाठ तापलेली. तिच्या बोटांना घाम सुटला होता आणि तो मला जाणवत होता. मला एकच भीती होती. इतक्या वर्षांचा मी, तापून आत्ताच बंद पडलो तर? यंत्राला प्रार्थना येत नाही, मित्रांनो, पण त्या दिवशी मी जे केलं त्याला दुसरं नाव मला माहीत नाही.

सामना टायब्रेकरवर गेला. नागसेननं एक पेनल्टी अडवली. झुंबरबाईंनी मांडीवर थाप मारली. आण्णांच्या डाव्या हाताची मूठ वळली. आपलाही एक फटका हुकला आणि पाच-पाच फटक्यांनंतर चार-चार अशी बरोबरी झाली. मग आपला सहावा फटका बारला लागून बाहेर गेला, आणि त्यांचा सहावा खेळाडू चेंडू ठेवू लागला. हा गोल झाला की सगळं संपणार होतं.

शिवानीची बोटं पिनेवर आणखी घट्ट आवळली. आण्णा खाटेवर डाव्या कोपरावर उठले होते. आठ महिन्यांत ते आपले आपण कधी उठले नव्हते. त्यांचं सगळं अंग डावीकडे झुकलं, जणू उडी त्यांनाच मारायची होती.

माझ्यातून आरडाओरड बाहेर पडली. समालोचक सांगत होता, गोल, गोल, गोलकीपरनं उशिरा उडी मारली, हात चेंडूपर्यंत पोचलाच नाही. शिवानीनं पिन सोडली नाही. तिनं मागूनच विचारलं, "आण्णा?" आण्णा हळूहळू उशीवर टेकले. त्यांचा चेहरा पडलेला नव्हता. ते काहीतरी घट्ट धरून ठेवल्यासारखे छताकडे पाहत होते.

दिवेलागणीला नागसेन आला. कोपर सोललेलं, जर्सीला माती. वाटेत तालमीची पोरं त्याला काय काय बोलली असतील, ते त्याच्या खांद्यांवरूनच कळत होतं. शिवानी घाईनं केबलचं सांगायला गेली, पण त्यानं ऐकलंच नाही. भिंतीला टेकून तो खाली बसला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "सगळी म्हणत्यात, उशिरा उडी मारलीस, हात सुदीक लागला न्हाई. आण्णा, तुम्ही बघितलं नसतंसा तर बरं झालं असतं."

आण्णांचे ओठ हलले. गळ्यातून नुसती घरघर आली. नागसेननं मान वर केली. आण्णांनी पुन्हा प्रयत्न केला, कपाळावरची शीर फुगली. शिवानी धावत पुढे आली, तशी त्यांनी डाव्या हातानं तिला थांबवलं. मग एकेक अक्षर दगडासारखं उचलत ते म्हणाले, "हात... लाग... लता."

 नागसेन बापाकडे पाहतच राहिला. मग त्यानं इतका वेळ मुठीत लपवलेला हात हळूच पुढे केला. मधलं बोट सुजून निळं पडलं होतं. स्टेडियमवर हजारो माणसं होती, कॅमेरा होता, समालोचक होता, पण ते बोट चेंडूला लागताना एकट्या आण्णांनी पाहिलं होतं. नागसेननं खाटेच्या कडेवर डोकं ठेवलं आणि तो लहान पोरासारखा रडला. आण्णांनी ते सुजलेलं बोट आपल्या डाव्या हातात धरलं.

पुढच्या आठवड्यात शिवानी ज्ञानूकडे गेली. फुटबॉलच्या हंगामापुरती केबल आणि एरवी छत्री, असं तिनं ठरवलं होतं. ज्ञानू कुरकुरला, असला धंदा मी करत न्हाई म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी येऊन नवी खोबण आणि पिन बसवून, छत्रीची कापलेली वायरही जोडून गेला. बचत झालीच, थोडी कमी झाली इतकंच. मी अजून चालू आहे. आण्णा आता पाच-सहा शब्द बोलतात आणि त्यांतले चार शिव्या आहेत, असं झुंबरबाई सांगतात.

तर मित्रांनो, काटकसर जरूर करा, ती वाईट नाही. मला पुसून ठेवा, माझ्या पिना हिसडू नका, हेही मागतो. पण त्याहून मोठं मागणं एकच आहे. घरातलं काही बंद करताना आजारी माणसाला विचाराल, तेव्हा हातातलं काम खाली ठेवून विचारा. तो तुमच्या सोयीचंच उत्तर देईल. तुम्ही त्याच्या तोंडाकडे बघा.