एकशेबाराव्या पानावरचा ताप

खडूची कादंबरी छापून आली तेव्हा आत्याने ती दोन दिवसांत वाचून काढली आणि त्याच्याशी बोलणं टाकलं. एक-दोन महिने नव्हे, चांगली सहा वर्षं.

खडू हे त्याचं घरातलं नाव. पोरवयापासून लांब, पांढराफटक आणि जरा दाबलं तर मोडेल असा. पुढे त्याने चष्म्याचं दुकान काढलं आणि भिंगं घासता घासता एक कादंबरी लिहिली. आत्याला त्याने त्या कादंबरीत जशीच्या तशी उचलून ठेवली होती. तिचं शिवणाचं दुकान, गळ्यातली मोजपट्टी, ओठांत टाचण्या धरून बोलायची सवय, सगळं होतं. नायक अर्थातच तो स्वतः, फक्त थोडा देखणा. आणि एकशेबाराव्या पानावर त्याने आत्याला तापाने मारून टाकलं होतं, कारण नायकाला रडायला काहीतरी कारण हवं होतं.

"मला जन्मात कधी ताप आलेला नाही," आत्याने त्याच्या बायकोला फोनवर सुनावलं. "आणि त्याला सांग, कोटाच्या कॉलरला आत जाड कापड न घालता शिवणारी बाई तापाने नाही, लाजेने मेली पाहिजे. पान शहाण्णव."

तेव्हापासून खडूची बायको म्हणजे दोघांमधलं टपाल झाली. आत्या रविवारी जेवायला यायची, खडूच्या समोरच बसायची आणि म्हणायची, "त्याला सांग, मीठ इकडे सरकव." बायको सांगायची. खडू मीठ सरकवायचा.

एक दिवस खडूच्या दुकानात एक तरुण बाई डोळे तपासायला आली. अक्षरांचा तक्ता वाचता वाचता म्हणाली, "मी सिनेमे करते. तुमच्या कादंबरीवर करायचाय. थोडे बदल होतील."

"किती थोडे?"

"थोडेच," असं म्हणत तिने तक्त्यावरची सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ धडाधड वाचून दाखवली.

खडूला आकाश ठेंगणं झालं. तिने पाठवलेल्या करारावर त्याने न वाचताच सही ठोकली. दिवसभर लोकांना वाचायचे चष्मे विकणारा माणूस, पण त्या दिवशी स्वतःचा चष्मा त्याने कपाळावरच ठेवला होता.

सव्वा वर्षाने, रविवारी सकाळी अकरा वाजता पहिला खेळ लागला. आत्या येईल अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती. ती आली ती स्वतः शिवलेला करडा कोट घालून. "माझं मरण कसं दाखवलंय ते बघून घेते," ती खडूच्या बायकोला म्हणाली आणि बसली. मध्ये बायको, अलीकडे आत्या, पलीकडे खडू.

पडद्यावर शिवणाचं दुकान उघडलं. नटीने ओठांत चार टाचण्या धरल्या आणि गिऱ्हाइकाला झापलं. आत्या पुढे झुकली. "धरल्यात नीट," ती पुटपुटली.

सातव्या मिनिटाला नायक आला. नवव्या मिनिटाला त्याला ताप भरला. चौदाव्या मिनिटाला खाट रिकामी झाली आणि कुणीतरी चादरीची घडी घातली.

खडूने चष्मा पुसून परत लावला. मग बायकोच्या कानाशी लागला. "मी मेलो?"

"तसंच दिसतंय."

"मग नायक कोण?"

बायकोने ओढणीचं टोक तोंडात कोंबलं होतं. आणि तिच्या पलीकडून आत्याचं हसू सुरू झालं. आधी खांदे हलले, मग खुर्ची हलली, मग ती अख्खी रांगच डुलायला लागली. मागच्या रांगेतल्या माणसाने गप्प बसायला सांगितलं, तर आत्याने वळून त्यालाच सांगितलं, "आमच्या घरातला माणूस गेलाय हो." त्याने घाईघाईने क्षमा मागितली. त्यावर बायको खुर्चीवरून घसरली.

पुढचा दीड तास पडद्यावर आत्याच आत्या. तिने एका नाटक कंपनीचे कपडे शिवले, मोटरसायकल चालवायला शिकली आणि कंपनीसोबत गावोगाव हिंडली. नाटक्यांच्या म्होरक्याने लग्नाचं विचारलं तेव्हा तिने त्याच्या पाठीचं माप घेतलं आणि नाही म्हणाली. खडू मनात हिशोब करत होता. तीनशे अठरा पानांतली जेमतेम चार उरली होती. ज्या बंदराच्या वर्णनासाठी त्याने सोळा पानं आणि एक अख्खा हिवाळा घालवला होता, ते तीन सेकंद दिसलं, तेही एका ट्रकच्या मागे.

दिवे लागले. दिग्दर्शिका पुढे आली, लेखकालाही पुढे बोलावलं गेलं. आत्या कुणी न बोलावता गेली. एका प्रेक्षकाने नेहमीचा प्रश्न विचारला, "पुस्तक चांगलं की सिनेमा?"

खडूने घसा साफ केला. "पुस्तकात जी खोली असते, ती..."

आत्याने त्याच्या हातातला माइक काढून घेतला. "पुस्तकात मी मेले, सिनेमात हा मेला. मी सिनेमाच्या बाजूने आहे."

थिएटर हसून हसून कोसळायचं बाकी राहिलं. खडूही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. माइकशिवायच तो दिग्दर्शिकेला म्हणाला, "तुम्ही मला का मारलंत, ते तरी सांगा."

"तुम्हीच लिहिलंय ना," ती म्हणाली. तिला खरंच नवल वाटलं होतं. "आत्या आजारी आहे त्या तीन पानांत दिसतं काय? छताची भेग. पंख्याचा दांडा. चादरीची शिवण, ती पण दोरखंडाएवढी जाड. नायक तर खुर्चीत बसलाय, त्याला शिवण एवढी मोठी कशी दिसेल? मला वाटलं, खाटेवर तोच होता. लेखकाने नंतर जागा बदलली."



"होताच तो," आत्या म्हणाली. माइक तिच्या हातात होता, त्यामुळे ते सगळ्यांनीच ऐकलं. "कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता. एकोणीस दिवस ताप. मी दुकान बंद करून मशीन त्याच्या खाटेशी आणलं होतं, कारण आवाज थांबला की हा दचकून उठायचा. कामं संपली की मी रिकामंच चालवायची. दोरा न घालता."

खडूला तो आवाज आठवत होता. कादंबरीत त्याने तो पावसाचा म्हणून लिहिला होता.

"तापातलं मला धड काही आठवत नव्हतं, वाटलं होतं, ते सगळं मी रचलंय," तो म्हणाला. "तू सांगितलं का नाहीस?"

"त्याला सांग..." आत्या सवयीने खडूच्या बायकोकडे वळली. मग थांबली आणि परत त्याच्याकडे बघितलं. "मला वाटलं, तुला आठवत असून तू मला त्या खाटेवर टाकलंस. मी बसले होते ती खुर्ची स्वतः घेतलीस. त्याचा राग होता रे. मरणाचं काय, ते कधीतरी येणारच आहे."

"मग कॉलरचं?"

"कॉलरचा राग वेगळा. तो अजून आहे."

यावर दोघंही जे हसत सुटले ते थांबेचनात. खडूला उचकी लागली. पुढचा प्रश्न विचारायला उठलेला प्रेक्षक विचारायचं विसरून तसाच हसत उभा राहिला.

चौघं बसथांब्यावर आली तेव्हाही मध्येच कुणाला तरी हसू फुटत होतं. दिग्दर्शिका आता जरा धीट झाली होती. "आत्या, खरं सांगते," ती म्हणाली, "पहिला भाग मी पुस्तकातून शोधला. पण नाटक कंपनी आणि मोटरसायकल मी निव्वळ कल्पनेने रचली. चालतंय ना?"

आत्याने कोटाचं वरचं बटण लावलं. "नाटक कंपनी नव्हती," ती म्हणाली.

बाकीच्या तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"म्हणजे?" खडू म्हणाला. "आत्या, मोटरसायकल होती?"

"लाल होती. पण माझी नव्हती."

बस आली. दार उघडलं, चालकाने वाट बघितली, दार लागलं, बस गेली. कुणी चढलं नाही. खडू खिसे चाचपत पेन्सिल शोधू लागला. त्याची बायको आत्याचा दंड धरून म्हणाली, "कुणाची होती, ते आधी सांगा."

"चालता चालता सांगते. उभ्याने पाय दुखतात."

असं म्हणून ती निघालीसुद्धा. दिग्दर्शिका तिच्या बरोबरीने, बायको दुसऱ्या बाजूला, आणि मागून सिनेमाच्या तिकिटावर पेन्सिलीने गिरगटत खडू. दर चौकात तो ओरडून सांगत होता, "आत्या, जरा हळू, एवढं वळण लिहून होऊ दे." आत्या काही हळू होत नव्हती.