आकड्याच्या चाकूचं केशरी म्यान

आमच्या स्वयंपाकघरात दोन ओव्हन आहेत. एकात पाव भाजतो, दुसऱ्यात प्लास्टिक. दुसरा माझा. तो दुकानात न राहता स्वयंपाकघरात का, याचं कारण माझ्या सासऱ्यांचं नाक. घराच्या पुढच्या खोलीत ते चाळीस वर्षं चाकूंसाठी चामड्याची म्यानं शिवतायत, आणि तिथे प्लास्टिकचा वास शिरला तर म्हणे चामडं रुसतं.

मी म्यानं करते ती कडक प्लास्टिकच्या शीटची. तापवली की ही शीट भिजलेल्या चामड्यासारखी लुळी पडते. मग ती चाकूभोवती दुमडायची, फोम लावलेल्या दोन फळ्यांमध्ये घालायची आणि क्लँप आवळायचे. हे सगळं अर्ध्या मिनिटात उरकावं लागतं, नाहीतर शीट घट्ट होते. माझ्या फळ्या जेवणाच्या टेबलावर असल्यामुळे त्या अर्ध्या मिनिटात नवऱ्याचं ताट उचलणंही आलं. नवरा शाळेत गणित शिकवतो आणि घरातल्या भांडणांत शून्यासारखा राहतो, कुठेही मिळवला तरी फरक पडत नाही.

मला दुकानातलं अर्धं टेबल हवं होतं. चार वर्षं मागत होते. चार वर्षं सासरे ऐकू न आल्यासारखं करत होते, आणि त्यांचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत.

गेल्या आठवड्यात रोपवाटिकेच्या बाई आल्या. त्यांचा छाटणीचा चाकू लाकडी मुठीचा, पातं आकड्यासारखं पुढे वाकलेलं. ओल्या गवतात राहून चामड्याचं म्यान मऊ पडतं, तिसऱ्यांदा पडलं, अशी त्यांची तक्रार. शिवाय झुडपात हरवलं की दिसत नाही.

"मी करून देते," मी मधेच बोलले. "केशरी. अर्ध्या मैलावरून दिसेल."

चाकू ठेवून बाई गेल्यावर सासऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "ठीक आहे, सूनबाई. बाईंनी पसंत केलं तर हे अर्धं टेबल तुझं. नाही केलं तर तो ओव्हन घराबाहेर आणि प्लास्टिकचं नाव काढायचं नाही."

त्यांचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणून बसले. माझा स्वभावच तसा.

आज चार वाजता बाई येणार होत्या. दुपारी मी पात्याला कागदी चिकटपट्टी गुंडाळली, शेवटची केशरी शीट तापवली, दुमडली, दाबली. गार झाल्यावर फळ्या उघडल्या तर काय देखणं म्यान! पात्याची वाकण अशी उमटलेली की डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळावी. मी खूश होऊन कडा कापल्या, घासल्या, भोकं पाडली आणि सहा रिव्हेट ठोकून टाकले.

आणि मग चाकू ओढला.

चाकू हलला नाही. मी दोन्ही हातांनी ओढला. म्यान गुडघ्यांत धरून ओढला. चाकू आपल्या घरी आल्यासारखा निवांत बसून होता. रिव्हेट ठोकायच्या आधी एकदा ओढून बघायचं, हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना सांगत असते. मी मलाच चार शिव्या घातल्या, त्याही जरा मोठ्याने.

"अडकला?" दारातून आवाज आला.

सासरे. मला वाटलं, झालं, आता वर्षभर ऐकवतील.

"नाही," मी म्हटलं.

"दाखव."

त्यांनी म्यान हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि नखाने आकड्याची वाकण टिपली. "पातं आत वळतं ना, त्या खळग्यात तुझी शीट दोन्ही बाजूंनी बसलीय. टोक बाहेर येताना तिथे अडणारच. खळगा आधी भरायचा असतो."

"चामड्यात असं करता?"

"आता करतो. लग्नाआधी एकदा केलं नव्हतं." ते खुर्चीवर टेकले. "ओलं म्यान चाकूवर चढवून वाळायला ठेवलं. असंच अडकलं. कापून काढावं लागलं. तो कातड्याचा तुकडा इतका सुंदर होता की दोन दिवस मला जेवण गेलं नाही. ही शीट पण गेली म्हणायची."

"शीट कुठे जातेय?" मी म्हटलं.

मी ड्रिलने रिव्हेट उडवले, म्यान फाकवून चाकू सोडवला आणि रिकामं म्यान ओव्हनमध्ये ठेवलं. सासरे काचेसमोर वाकून उभे राहिले. म्यान सैल झालं, हळूहळू उलगडलं आणि थोड्या वेळात जवळजवळ सपाट होऊन पडलं.

"अगं, हे विसरलं की सगळं!" ते ओरडले. "पुन्हा करून दाखव."

"बाबा, साडेतीन झालेत."

हे ऐकून ते तरातरा दुकानात गेले. मी खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात आलं की ते आता परत यायचे नाहीत. ते नुसते गप्प बसले असते तरी पैज आपोआप त्यांची होती. पण ते आले ते जाड चामड्याची कात्रणं आणि चामडं कापायची धारदार रापी घेऊन. खळग्यात नेमका मावेल असा तुकडा त्यांनी एका दमात कापला, पात्याला लावला आणि मला म्हणाले, "बांध चिकटपट्टी. घट्ट."

मी हातमोजे घालून लुळी शीट बाहेर काढली. दुमडली. त्यांनी फळी मिटली, मी एक क्लँप आवळला, त्यांनी दुसरा. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. क्लँप मात्र सुटला नाही.

यावेळी आधी ओढून पाहिला. चाकू सरळ बाहेर आला, चिकटपट्टी आणि तुकडा काढून आत सोडला तर टक करून बसला. उलटा धरून झटकला, पडला नाही. रिव्हेट ठोकून होतायत तोवर बाई दारात.

बाईंनी म्यान पट्ट्याला लावलं आणि एका हाताने चाकू काढला. घातला, काढला, घातला. पाचव्यांदा टक झाल्यावर त्या लहान मुलीसारख्या हसल्या. "हेच हवं होतं मला," म्हणाल्या आणि तसंच कमरेला लावून निघून गेल्या.

सासऱ्यांनी टेबलावरचे साचे, दोरे, आरी सगळं एका बाजूला ओढून घेतलं. मी स्वयंपाकघरातून ओव्हन उचलून आणला. तो ठेवताना माझ्याच्याने राहवलं नाही.

"बाबा, तुम्ही नुसते गप्प बसला असता तरी जिंकला असता."

"जिंकलो असतो," ते दोऱ्याला मेण लावत म्हणाले. "आणि उद्यापासून पुन्हा या टेबलाशी एकटा बसलो असतो. चाळीस वर्षं बसलोय, पुरे झालं."

मी ओव्हनची वायर सोडवायला त्यांच्या चामड्यावर वाकले, आणि डोळ्यांतून दोन थेंब टपकले.

"रडायचं तर तुझ्या अर्ध्यात रड," ते म्हणाले. "माझं चामडं ओलं होतंय."