एकोणीस सेकंदांचं विष

व्हिडिओ एकोणीस सेकंदांचा आहे. मी तो इतक्या वेळा बघितलाय की मागच्या कठड्यावर बसलेली कबुतरंही मला पाठ झालीत. गच्चीवर पाण्याची मोठी टाकी, झाकण उघडं. तोंडाला फडकं बांधलेला माणूस इकडे बघतो, तिकडे बघतो, हिरव्या बादलीतून एक डबा काढतो आणि वाकून टाकीत जांभळी पावडर टाकतो. आतून एक हात वर येतो. बोटं जांभळी झालेली. हात अंगठा दाखवतो. संपलं.

खाली लिहिलंय: ‘पाण्यात विष कालवणारी टोळी! काम फत्ते झाल्याची खूण करतायत. मुलांना नळाचं पाणी देऊ नका. दहा जणांना पाठवा.’

ती टोळी म्हणजे माझे बाबा आणि मी. हात माझा.

बाबा इकडे-तिकडे बघतात ते चोरासारखे नाही हो, डब्याचं झाकण कुठे ठेवू म्हणून बघतात. आणि अंगठा म्हणजे ‘बाबा, पुरे, आणखी टाकू नका’. पण हे सांगायला एकोणीस सेकंदांपेक्षा जास्त लागतात आणि तेवढा वेळ कोणाकडेच नाही.

बाबा बावीस वर्षं टाक्या धुतायत. शाळा सोडल्यापासून मीही आत उतरते, कारण झाकणातून बाबांचं पोट आता जात नाही. पाणी सोडून द्यायचं, भिंती घासायच्या, गाळ पंपाने ओढायचा, मग औषधाच्या पाण्याने धुवायचं. बाकीचे धुणारे इथे थांबतात, टाकी भरतात आणि निघतात. बाबा नाही. ते तळाला घोटाभर पाणी घेतात, त्यात विहिरी शुद्ध करायची जांभळी पावडर चिमूटभर टाकतात, मला खाली पिटाळतात आणि तळमजल्याचा नळ उघडायला लावतात. आधी जांभळं पाणी येतं, मग वरून बाबा साधं पाणी सोडत राहतात तसं गुलाबी, मग फिकट, मग साधं. साधं आलं की समजायचं, औषधाचं पाणी पाईपमध्ये कुठे अडकून राहिलं नाही. मगच टाकी भरायची. हे त्यांना कोणी शिकवलं नाही, कोणी सांगितलंही नाही. आणि नेमकं याच्यावरच ते पकडले गेले. हयगय करणाऱ्यांचे व्हिडिओ कोण काढतो?

व्हिडिओ फिरायला लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी एका बिल्डिंगच्या गेटवर सेक्रेटरी फोन घेऊन उभाच होता.

“हे तुम्हीच का?”

नाही म्हणायचं ना! पण बाबांना खोटं बोलता येत नाही. “हो, मीच,” म्हणाले. वर कौतुकाने, “आणि ही माझी मुलगी.”

मागून एकाने बाबांची कॉलर धरली. मी त्याच्या मनगटाला चावले. त्याचा पण व्हिडिओ आला, तो सोळा सेकंदांचा.

आठवड्याभरात सगळ्या बिल्डिंगांनी फोन करून सांगितलं, येऊ नका. काहींनी फोनही केला नाही, फक्त नंबर ब्लॉक केला. बाबा घरात बसून कोरडे ब्रश पुन्हा पुन्हा झटकायला लागले. ते बघून माझं डोकं फिरलं आणि मी त्यांना ओढत तक्रारीच्या ऑफिसात नेलं.

तिथे एक मॅडम. टेबलावर फायलींचा डोंगर, पलीकडे अर्धा खाल्लेला बिस्किटाचा पुडा. त्यांनी व्हिडिओ नीट बघितला, दोनदा. एवढ्यावरच मला त्या आवडल्या.

“आत्ताच्या कायद्यात ज्याने बनवला त्याला धरता येतं,” त्या म्हणाल्या. “सापडला तर.”

“सापडतो का?”

“शंभरात दोन. आता कडक कायदा आणायचं चाललंय. त्यात पुढे पाठवणाराही सुटणार नाही.”

“आणा की मग! कधी येतोय?”

“चर्चा चालू आहे.”

“व्हिडिओ पसरवायच्या आधी त्यांनी चर्चा केली होती का?”

“गप गं,” बाबा म्हणाले. “मॅडम, लहान आहे.”

“मी सतरा वर्षांची आहे.”

“तेच म्हणतोय.”

मॅडमनी फॉर्म पुढे सरकवला. सातव्या रकान्यात लिहिलं होतं, ‘सदर मजकूर कोणाकडून प्राप्त झाला’. “हा रिकामा ठेवू नका,” त्या म्हणाल्या. “एक नाव मिळालं की त्याला विचारायचं, तुला कोणी पाठवला. असं मागे मागे जायचं. नाव नसेल तर फाईल इथेच पडून राहते, आणि व्हिडिओ तिथेच.”

मला व्हिडिओ शेजारच्या मुलीने दाखवला होता, तिला तिच्या बॉयफ्रेंडने, आणि त्याचं नाव सांगायला ती तयार नव्हती. म्हणून मी गेले थेट त्या सेक्रेटरीकडे. गेटबाहेरूनच ओरडले, “तुम्हाला कोणी पाठवला तेवढं सांगा, मी जाते.” मी चावेन या भीतीने त्याने गजातूनच फोन दाखवला.

पाठवणाऱ्याच्या फोटोत नळ होता. पितळी, चकचकीत.

तो नळ मला माहीत होता. माझ्या काकाच्या दुकानाचा.

काका म्हणजे बाबांचा सख्खा धाकटा भाऊ. नळ-पाईपचं दुकान आहे. त्याच्या गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर तीनशे चाळीस माणसं आहेत. प्लंबर, वॉचमन, बिल्डिंगांचे सेक्रेटरी. म्हणजे बाबांना काम देणारा एकूण एक माणूस. रोज सकाळी सात वाजता तो त्यांना फुलांचे फोटो पाठवतो. त्या दिवशी फुलांऐवजी हा व्हिडिओ. आणि आमचं काम गेल्याचं बाबांनी त्याला कळूच दिलं नव्हतं.

मी दुकानात शिरले तेव्हा काका एका गिऱ्हाइकाला वॉशर दाखवत होता.

“काका, हा व्हिडिओ तू पाठवलास?”

“हो. बघितलास ना? काय काय लोक असतात! फासावर दिलं पाहिजे एकेकाला. कायदाच कडक नाही आपल्याकडे.”

“हा माणूस कोण आहे?”

“असेल कोणी हरामखोर.”

“बाबा आहेत.”

काकाने चष्मा कपाळावरून खाली घेतला. फोन लांब धरला, जवळ धरला. “फडकं बांधलंय तोंडाला. ओळखू कसं?”

“आणि बादली? बादलीवर काय लिहिलंय?”

हिरव्या बादलीवर ढळढळीत पांढऱ्या अक्षरात त्याच्या दुकानाचं नाव होतं. दुकानाला दहा वर्षं झाली तेव्हा त्यानेच वाटलेल्या बादल्या. गिऱ्हाइकाने वॉशर काउंटरवर ठेवला आणि हळूच निघून गेलं.

“आणि ती पावडर कोणाच्या दुकानातून येते? तूच बांधून देतोस ना महिन्याच्या महिन्याला?”

“अगं, पण शेवटपर्यंत कोण बघतं!”

“एकोणीस सेकंद आहेत, काका! तेवढ्यात तुझा चहाही ढवळून होत नाही!”

“काळजीपोटीच पाठवला ना? लोकांना सावध केलं.”

“कोणापासून? तुझ्या भावापासून?”

तो मटकन स्टुलावर बसला. त्याने फोन काढला. “थांब, काढून टाकतो.”

“काढून काय होणार? आठवडा झाला. आता त्याच ग्रुपवर सांग, हा माझा भाऊ आहे, ही पावडर माझी आहे, मी चुकलो.”

काकाने फोन परत खिशात घातला. आणि मग जे बोलला त्याने मी खरंच कपाळावर हात मारला. म्हणाला, “असं लिहिलं तर लोक म्हणतील विष याच्याच दुकानातून गेलं. शिवाय तो नवीन कायदा येतोय म्हणतात. उद्या कोणी धरलं तर माझंच लिहिलेलं माझ्या गळ्यात. मी पाठवला असं मीच कबूल करायचं? त्यापेक्षा गुपचूप डिलीट केलेलं बरं.”

आज सकाळपर्यंत मला वाटत होतं, तो कायदा कालच यायला हवा होता. आता कळेना कोणावर ओरडायचं. व्हिडिओ पाठवायला याला कायद्याची भीती वाटली नाही. चूक सांगायला वाटते.

“ठीक आहे,” मी म्हटलं. “सातव्या रकान्यात तुझं नाव जाईल. मग तूच सांग त्यांना.”

“तू काकाचं नाव देशील?”

“तू भावाला विष कालवणारा म्हणालास, मी फक्त नाव लिहिणार आहे.”

मी पायरी उतरले तर मागून हाक. “थांब गं, फटाके!” आला. फोन तोंडाशी धरून बोलायला लागला, “नमस्कार मंडळी, मागे एक व्हिडिओ आला होता, त्याबाबत काही गैरसमज असल्यास तो नसावा...”

“हे काय आहे? कोणाला कळणार आहे का यातलं काही?”

“मग काय म्हणू?”

“जे आहे ते.”

तीन वेळा रेकॉर्ड केलं आणि पुसलं. चौथ्यांदा त्याचा आवाज बदलला. “तो माणूस माझा दादा आहे. पावडर माझ्या दुकानातली. पाईप धुतला गेला की नाही ते बघायला तो टाकतो, कोणी सांगत नाही तरी टाकतो. मी न बघता पाठवला. चूक माझी.” आणि पाठवलं. पाठवल्यावर शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि माझ्यावरच खेकसला, “झालं समाधान?”

नाही झालं. संध्याकाळपर्यंत तीनशे चाळीसातल्या चोपन्न जणांनी ऐकलं. व्हिडिओ सगळ्यांनी बघितला होता. नऊ जणांनी हात जोडले, एकाने फुलाचा फोटो पाठवला.

पण त्या सेक्रेटरीचा फोन आला. बाबांनी स्पीकर लावला.

“झालं ते झालं. सोमवारी या. फक्त ती जांभळी पावडर आणू नका. लोक घाबरतात.”

“हो म्हण,” काका कुजबुजला. तो दुपारपासून आमच्याच घरी बसला होता, अपराध्यासारखा, आमचीच बिस्किटं खात.

“तिच्याशिवाय मला कळणार कसं पाईप साफ झाला ते?” बाबांनी विचारलं.

“एवढं कोण बघतं हो? तुम्ही धुवा आणि भरा.”

“मग दुसरा कोणी बघा,” बाबा म्हणाले आणि फोन ठेवला.

मी त्यांच्यावर ओरडणारच होते. काय ओरडणार? आठवडाभर घरात बसलेला माणूस आणखी घरात बसायला तयार होता, पण न बघता टाकी भरायला नाही. काका म्हणाला, “दादा, वेडा आहेस तू.” बाबा म्हणाले, “असेन.”

म्हणजे लोकांची पावडरची भीती जायची तर व्हिडिओ हटणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी मी फॉर्म घेऊन पुन्हा ऑफिसात. सोबत काका. त्याला मी ओढला नाही, तो स्वतःहून चपला घालून उभा राहिला. बाबा आले नाहीत, भावाचं नाव लिहिताना बघवणार नाही म्हणाले.

सातव्या रकान्यात मी काकाचं नाव लिहिलं. पूर्ण, दुकानाच्या पत्त्यासकट. मॅडमनी वाचलं, काकाकडे बघितलं.

“तुम्हीच का?”

“हो, मीच,” काका म्हणाला. अगदी बाबांसारखा.

“तुम्हाला कोणी पाठवला?”

काकाने फोन पुढे केला. मॅडमनी ते नाव उतरवून घेतलं. “आता याच्याकडे जाऊ. मग त्याच्या मागच्याकडे.”

“मॅडम, आणखी एक लिहायचंय,” मी म्हटलं. “याने खरं काय तेही सगळ्यांना सांगितलंय. स्वतःच्या आवाजात. ते कुठे लिहू?”

त्यांनी फॉर्म वरून खाली बघितला. उलटा केला. सुलटा केला.

“त्याला रकाना नाही.”

“नवीन कायद्याच्या फॉर्मात असेल?”

“माहीत नाही.”

“मग खोटं पाठवणारा आणि चूक कबूल करणारा, दोघं एकाच रकान्यात? उद्या कोण कबूल करेल?”

“माझ्यावर ओरडून काय उपयोग? फॉर्म मी छापत नाही.”

“मग आखा ना एक! पट्टी आहे, पेन आहे!”

काका माझा हात ओढायला लागला. मॅडमनी बिस्किटाचा पुडा बाजूला सारला, ड्रॉवर उघडला, बराच वेळ खुडबुड केली. शेवटी फूटपट्टी काढून माझ्यापुढे आपटली.

“तूच आख,” त्या म्हणाल्या. “आणि सरळ आख. वर पाठवायचाय.”