सात नंबरचा डबा

माझी मुलगी उत्कर्षा आठ वर्षांची आहे, आणि तिला जमिनीपासून चाळीस फुटांवर, तुटायला आलेल्या डब्यात मी बसवलं. नवऱ्यानं बसवलं असं सुरुवातीला मी सगळ्यांना सांगत होते. ते खोटं आहे. तिला उचलून आत ठेवलं त्यांनी, पण ती जागा मी शोधून दिली होती, कॉम्प्युटरवर तीन रकाने आखून. आता ऐकायचंच असेल तर नीट ऐका, मध्ये मध्ये देवाचं नाव घेऊ नका. देवाचा यात काही संबंध नाही.

आमचा आकाशपाळणा आहे. घर घोडेगावात, धंदा यात्रांचा. आमच्या जिल्ह्यात पाडव्यापासून गावोगाव यात्रा सुरू होतात, त्या थेट उन्हाळा संपेपर्यंत. माझे सासरे रखमाजी, त्यांना मी मामा म्हणते, त्यांनी पाळणा जुना विकत घेतला आणि त्यावर घर उभं केलं. मोठ्या चाकाला बारा लोखंडी आरे, प्रत्येक आऱ्याच्या टोकाला एक डबा, डब्यात चौघं, माणशी पन्नास रुपये. त्यातला सात नंबरचा डबा कायम मोकळा फिरायचा. त्याच्या दाराला मामांनी हिरवं कापड गुंडाळून तारेनं आवळलेलं होतं. लोक म्हणायचे, तो देवीचा डबा. काही बाया खालून त्याला हात जोडायच्या. मामा कुणाला हो म्हणायचे नाहीत आणि नाहीही म्हणायचे नाहीत.

मी बेलापूरची. बी.कॉम. झाले आणि लग्नाआधी दोन वर्षं श्रीरामपूरला एका सीएच्या ऑफिसात होते. त्यामुळे मला आकड्यांची घमेंड आहे, होती म्हणा. सासरी आले तेव्हा यांचा हिशेब म्हणजे रात्री पत्र्याची पेटी पालथी करायची, मजुरांना द्यायचं, उरलं ते आपलं. मी महेंद्रना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बसवून समजावलं. यात्रा कमिटीला जागेचं भाडं, ट्रकभाडं, माणसांची मजुरी, परवाना, हे सगळं एक माणूस बसला तरी तेवढंच आणि हजार बसले तरी तेवढंच. डिझेलसुद्धा जवळपास तेवढंच जळतं. म्हणजे खर्च एकदा निघाला की पुढचं प्रत्येक तिकीट निव्वळ नफा. हे ऐकून ते माझ्याकडे असे बघत राहिले की मी फुगले, कबूल करते.

त्यांना ब्रेकडान्सचा पाळणा घ्यायचा होता, तो गरगर फिरणारा, पोरं ज्याच्यावर तुटून पडतात. कोपरगावचा एकजण विकत होता. आधी अडीच लाख द्यायचे, बाकीचे हप्त्यानं. अडीच लाख आणायचे कुठून? महेंद्र म्हणाले, तिकीट साठ करू. मी म्हटलं, थांबा, आधी मोजू या. एक अख्खा हंगाम मी तिकिटाच्या टेबलावर वही घेऊन बसले. प्रत्येक फेरीला किती डबे भरले आणि दार लागल्यावर रांगेत किती माणसं उरली, ते लिहिलं. सात नंबर रिकामा फिरतो म्हणून सगळ्याच फेऱ्यांत तोटा होतो असं नाही ना. रांग उरते त्याच फेऱ्यांत तोटा होतो. हे महेंद्रच्या डोक्यात बसायला दोन दिवस लागले, पण मग असं बसलं की येता-जाता ते रांगच मोजायचे. ओठ हलवत मोजायची सवयच लागली त्यांना.

ते सगळं कॉम्प्युटरवर तीन रकान्यांत भरलं; रांग उरलेल्या फेऱ्यांची सरासरी निघाली दिवसाला अठरा. अठरा फेऱ्या, चार माणसं, पन्नास रुपये, झाले छत्तीसशे. हंगामाचे सत्तर दिवस. दोन लाख बावन्न हजार. आकडा असा चपखल बसला की मला हसू आलं. मी तो कागद मामांच्या पुढे ठेवला.

त्यांनी कागद बघितलाही नाही. म्हणाले, "त्यो डबा ऱ्हाऊ दे, पोरी."

"का पण मामा? कारण सांगा."

"समद्याचं कारन सांगता येत न्हाई."

तेव्हा मी जे बोलले ते मला अजून खुपतं. मी म्हटलं, "आजेसासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव प्रवरेत सोडले. आणि त्यांचा मुलगा देवीसाठी डबा राखून ठेवतो? लोकांच्या अंधश्रद्धेपायी आपण वर्षाला अडीच लाख पाण्यात घालायचे? शोभतं का हे आपल्याला?"

त्यांच्यासारखा बोलणारा माणूस, विहारात उभं राहून तासभर बोलेल, त्यानं नुसता कागद माझ्याकडे परत सरकवला. मला वाटलं, मी जिंकले. महेंद्र म्हणाले, "अन् आबा, अकरा वर्षांत आपल्या पाळन्यावर एक अपघात न्हाई. एकबी न्हाई. हिला इचारा, जुन्या आकड्यावरनंच पुढचा अंदाज काढत्यात." आणि मी मान डोलावून म्हटलं, "अकरा वर्षांची माहिती पुरेशी आहे." असं म्हटलं मी, चष्मा पुसत.

महेंद्रनी त्याच संध्याकाळी कोपरगावला पन्नास हजार विसार देऊन टाकला.

पहिली यात्रा राहुरीच्या अलीकडच्या एका गावची होती. ट्रकवरून आरे उतरवताना मामा सातव्या आऱ्याजवळून हलेनात. जोडताना बोल्ट दोनदा आवळून घेतले, पुन्हा स्वतः पान्हा लावून बघितला. दुपारी जेवले नाहीत. मी म्हटलं, "मामा, घासभर खाऊन घ्या." म्हणाले, "भूक न्हाई." महेंद्र हसले, "म्हातारा देवीला भ्यालाय." मीही हसले.

हिरवं कापड काढलं होतं, पण लोकांच्या लक्षात होतं. संध्याकाळी गर्दी झाली, रांग भांडीवाल्याच्या दुकानापर्यंत गेली, तरी सातमध्ये कुणी बसेना. एका म्हातारीनं नातवंडांना दंडाला धरून मागे ओढलं, "त्यात न्हाई रं, त्यो देवीचा हाय." दोन फेऱ्या तो मोकळाच गेला. महेंद्रचं तोंड उतरलं. मग त्यांनी टेबलाशेजारी बसलेल्या उत्कर्षाला उचललं आणि मोठ्यांदा म्हणाले, "ही बगा माझी सोताची पोरगी. देवी कोपायची आसंल तर आमच्यावर कोपंल." तिला सातमध्ये ठेवून आडवा बार लावला. ते बघून कॉलेजच्या तीन मुली खिदळत तिच्याशेजारी चढल्या. महेंद्रनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. मी चार तिकिटांची रेघ ओढली. पोरीच्या तिकिटाचीसुद्धा ओढली, हिशेब चुकायला नको म्हणून.

पाळणा सुटला. मामा चहाच्या टपरीवर होते. त्यांनी मान वर केली, सातमध्ये कोण आहे ते बघितलं आणि हातातला कप तसाच टाकला. टेबलापाशी येऊन त्यांनी माझं मनगट धरलं. नऊ वर्षांत या माणसानं मला कधी बोट लावलेलं नव्हतं.

"पोरी, सातचा आरा तुटका हाय."

मला कळलंच नाही. मी म्हटलं, "काय?"

"महेंद्रनं अकरा वर्षामागं ट्रक रिव्हर्स घेताना ठोकला हुता. त्याला वाटलं खरचटलंय. म्या घोडेगावात वेल्डिंग मारून घेतलं. वेल्डर म्हनला, मोकळा फिरंल, वजन घेनार न्हाई. नवा आरा मिळंना, अन् कळलं आसतं तर परवाना गेला आसता. लोकं देवीचा म्हनाय लागली, म्या म्हनू दिलं."

झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि त्या मुठीत माझी पोर. ती अकरा वर्षं अपघात झाला नाही, कारण तो डबा मोकळा होता. ते शून्य त्या डब्यानं कमावलं होतं आणि मी त्यालाच तोट्यात लिहून मोकळी झाले होते.

मी धावत महेंद्रकडे गेले. ते पाळणा सोडायच्या-थांबवायच्या दांड्यापाशी उभे होते. "थांबवा. आधी थांबवा."

"तूबी आता देवीचं सांगाय लागलीस व्हय?"

मामा मागून आले. "देवी न्हाई का काय न्हाई. तुझ्या ट्रकनं ठोकलेला आरा हाय त्यो. झटका दिऊ नको. मोटर बंद कर अन् आपसूक थांबू दे."

महेंद्रचा रंग उडाला. त्यांनी मोटर बंद केली. एवढं मोठं लोखंड, ते काय लगेच थांबतं? सात नंबर वर चढत होता. उत्कर्षानं वरून मला हात केला. मीही हात केला, दुसरं काय करणार होते. अगदी वर गेल्यावर एक आवाज आला, वाळकं लाकूड मोडावं तसा. गर्दीत कुणाला ऐकू आला नसेल. आम्हा तिघांना आला. डबा एका अंगाला जरासा कलला आणि तसाच, कललेलाच, हळूहळू खाली यायला लागला. मी बोटं मोजत होते की काय करत होते, आठवत नाही. खाली आला तेव्हा मामांनी खांदा लावून डबा तोलला आणि मी बार काढून पोरीला ओढून घेतलं.

त्या तीन मुली उतरल्या आणि म्हणाल्या, "एवढीच फेरी? पैसे परत द्या." मी दीडशे रुपये परत दिले. देताना नोटा दोनदा खाली पडल्या.

सकाळी उजेडात रंग खरवडून बघितलं. वेल्डिंगच्या जुन्या टाक्याच्या कडेनं भेग गेली होती, माझं नख आत जात होतं.

मला वाटलं, संपलं आता. मामांनी अंथरूण धरलं, मी घरीच राहिले. पाचव्या दिवशी महेंद्र आऱ्याला नवीन वेल्डिंग मारून आले, वर पट्टी ठोकून, निळा रंग देऊन. पुढची यात्रा शेवगावकडची होती. म्हणाले, "मागच्या टाक्यानं अकरा वर्सं काढली. ह्यो तर कारखान्यातला वेल्डर हाय. ह्यो धा वर्सं तरी काढंल."

मी म्हटलं, "अहो, ती अकरा वर्षं मोकळ्या डब्याची आहेत. भरलेल्या डब्याची आपल्याकडे एकच फेरी आहे, आणि त्या एका फेरीत तो मोडला."

"मोडला न्हाई. कोनाला काय झालं का? अपघात शून्य तो शून्यच." मग जरा खाली आवाजात, "विसार बुडंल, प्रज्ञा. पन्नास हजार. अन् उत्कर्षाला थोडीच बसवायचीय."

पोरीला मामांपाशी सोडलं आणि मी महेंद्रबरोबर ट्रकमध्ये बसले. वाटेत समजावलं, शिव्या दिल्या, पोलिसांत जाईन म्हटलं. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवगावकडे गर्दी चांगली होती. तिथल्या लोकांना देवीबिवी माहीत नव्हती. पहिलीच फेरी, सात नंबर खाली आला आणि एक बाई दोन लेकी घेऊन पुढे झाली. मी टेबल सोडलं, तिला बाजूला केलं आणि स्वतः आत बसले. बार ओढून घेतला.

"उतर," महेंद्र म्हणाले.

"टाका पक्का आहे ना? मग फिरवा."

"लोकं बघत्यात. उतर खाली."

"माझ्या वजनानं फिरवा एकदा. वर जाऊन खाली आले की ही बाई बसेल, तिच्या लेकी बसतील. मी एक शब्द बोलणार नाही."

त्यांचा हात दांड्यावर होता. मोटर चालू होती, डबा बुडाखाली थरथरत होता. मला वाटलं होतं, हा माणूस लगेच हात काढील. आठ वर्षांच्या पोरीचा बाप आहे, नऊ वर्षांचा संसार आहे, त्यात विचार करायचा प्रश्नच कुठे येतो? पण त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आधी रांगेकडे बघितलं. पुढून मागेपर्यंत. त्यांचे ओठ हलत होते.

दहा सेकंद असतील. मग त्यांनी मोटर बंद केली, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तिथेच लोखंडावर बसले.

पाळणा आम्ही भंगारात दिला. विसार बुडाला. महेंद्र आता दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर आहेत. माझ्याशी फार चांगलं वागतात, कधी नव्हे इतकं चांगलं. घरी येताना काहीतरी घेऊन येतात. आणि मी रोज रात्री त्यांच्या शेजारी झोपते आणि मला त्यांना विचारायचं असतं, की त्या दहा सेकंदांत रांगेचे किती धरले होते, आणि माझे किती. मला विचारायची भीती वाटते. ते खरं सांगतील.