आयुधपूजा आणि शेवटची कोरी सीडी

सीडी बर्नर खरं तर काही जाळत नाही. कोऱ्या सीडीत रंगाचा पातळ थर असतो. लेसरने तो जागोजागी तापवला की तिथून प्रकाश नीट परतत नाही आणि वाचणाऱ्या यंत्राला तिथे खड्डा असल्याचा भास होतो. अट एकच: सुरू झालेलं काम मध्ये थांबता कामा नये. कॉम्प्युटरकडून येणारी माहिती क्षणभर खुंटली, की सीडी चहाचा कप ठेवायच्या लायकीची.

हे मी नागोजीअण्णांना समजावत होते. व्हाइटफील्डच्या आमच्या छोट्या कंपनीचे ते मालक. कोरी सीडी एकच उरली होती आणि ती आत्ता बर्नरमध्ये फिरत होती. गिऱ्हाइकाचं काम तिच्यावर नीट उतरलं, तरच मला दसऱ्याला पुण्याला जायची रजा मिळणार होती. गाडी संध्याकाळची होती.

"सरी, बरं, हात नाही लावत," अण्णा म्हणाले. "पण आज आयुधपूजा, मुग्धाम्मा. पंख्याला कुंकू आणि बर्नरला नाही? सगळ्यात महाग तोच!"

"काम संपल्यावर लावा."

"मुहूर्त तुझ्या लेसरसाठी थांबतो होय?"

पुरोहित भीमाचार्य ताट घेऊन आलेच. टेलिफोन, प्रिंटर, स्टेपलर, सगळ्यांची कपाळं शोधून त्यांनी कुंकू लावलं. मी बर्नरसमोर आडवी उभी.

"स्वल्प सरका, अम्मा."

"नाही."

आचार्यांनी वाद घातला नाही. त्यांनी कीबोर्डला झेंडूचा जाड हार घातला आणि माउसच्या दोन्ही बटणांवर भक्तिभावाने बोट दाबलं. पडद्यावर खिडक्यांमागून खिडक्या उघडल्या. हार्डडिस्क कण्हली. बर्नरने सीडी बाहेर काढली.

"बघा, देवानेच हात पुढे केला," म्हणत आचार्यांनी तिच्यावर फूल ठेवलं.

"गेली," मी म्हणाले.

अण्णांचा चेहरा उतरला. "दुसरी आण!"

"आज दुकानं बंद आहेत."

"मग रजा कसली? बस इथेच. त्या कॉम्प्युटरवर बाकीचं काम कर."

"छे छे," आचार्य दचकले. "पूजलेल्या आयुधाला आज काम लावायचं नसतं."

"मग हिने वहीत लिहावं!"

मी आचार्यांसमोर कपाळ पुढे केलं. "मलाही लावा. मीसुद्धा कंपनीचं आयुधच."

त्यांनी अण्णांकडे पाहिलंही नाही. माझ्या कपाळावर माउसपेक्षा मोठा टिळा उमटला, डोक्यावर अक्षता पडल्या.

"ए आचार्य!" अण्णा ओरडले.

मी पर्स उचलली. स्टेशनपर्यंत रिक्षावाल्याने मला अम्मनवरू, म्हणजे साक्षात देवी, समजून मीटरच्या वर एक पैसा मागितला नाही.