हातभर बाजूला

दुपारची वेळ होती. जेवणं उरकली होती, घासलेली भांडी पालथी पडली होती, घरात कुणाचा आवाज नव्हता. एवढ्यात फळीवरच्या लाडवाच्या डब्याचं झाकण निसटलं, खाली फरशीवर पडलं आणि गरगर गरगर फिरत मोरीपाशी जाऊन थांबलं. झाकणापाठोपाठ धप्पकन आणखी एक वस्तू पडली. मित्रांनो, ती वस्तू म्हणजे मी.

मी एक जुना ग्लोव्ह आहे. बेसबॉलमधल्या कॅचरचा. तुम्ही क्रिकेट खेळता, म्हणून सोपं करून सांगतो. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षक असतो ना, तसा बेसबॉलमध्ये कॅचर. फलंदाजाच्या मागं उकिडवं बसायचं आणि पिचरनं फेकलेला चेंडू झेलायचा. मला पाहिलंत तर वाटेल, कुणी फुगलेली पुरणपोळी शिवून ठेवली आहे. पण या पुरणपोळीनं शिरूरपासून दौंडपर्यंत नाव कमावलेलं आहे बरं का!

माझा जन्म फार लांबचा, जालंधरचा. तिथल्या कारागिरांनी जाड चामडं कापलं, आत गादी भरली आणि कडेनं चामड्याची वादी ओवून मला आवळलं. तिथून खोक्यात बसून मी शिरूरला आलो. तिथला मुलींचा बेसबॉलचा संघ नवाच होता. त्यांना शिकवणाऱ्या गोकुळ सरांनी खोकं उघडलं आणि मला एका उंच, हसऱ्या मुलीच्या हातात दिलं. ती मांडवगण फराट्याची अनुपमा.

पहिले काही दिवस आमचं मुळीच जमलं नाही. मी लाकडासारखा ताठ! चेंडू आत आला की मी मिटायचोच नाही, तो उडून बाहेर जायचा. मग अनुपमा मला घरी घेऊन गेली. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातलं शेंगदाण्याचं तेल बोटानं माझ्या तळव्यावर चोळायची, आत चेंडू ठेवायची, परकराच्या नाडीनं मला बांधायची आणि गादीखाली घालून त्यावर झोपायची.

"अगं, लोकं उशाला पोथी घेत्यात, तू हे काय घेतीस?" तिची आई म्हणायची. "आन् मला वाटलं तेल मांजर पितंय!"

पण त्या तेलानं मी मऊ झालो. तळव्यात चेंडूएवढी खोलगट जागा पडली. संघातल्या मुली मला हुंगायच्या आणि म्हणायच्या, "अने, तुझ्या ग्लोव्हला भज्यांचा वास येतोय गं!" मला त्याचा राग येत नसे. चेंडू त्या खोलगट जागेत बरोबर बसला की 'थाप!' असा भरीव आवाज यायचा आणि मैदानावरचे सगळे वळून बघायचे. ग्लोव्हच्या जन्माला येऊन आणखी काय हवं असतं?

आता मी तुम्हाला रश्मीची गोष्ट सांगतो. माझ्या आयुष्यातली तीच खरी सांगण्यासारखी गोष्ट आहे.

त्या वर्षी तालुक्यातालुक्यांच्या मुलींची स्पर्धा ठरली होती. पद्धत अशी होती, की सगळ्या संघांचे सर एकत्र बसायचे आणि नव्या मुलींमधून आळीपाळीनं एकेक नाव पुकारायचे. पहिली पाळी आली आमच्या गोकुळ सरांची. सरांनी नाव पुकारलं, "रश्मी, न्हावरे!"

बाकीचे सर एकमेकांकडं बघायला लागले. ही रश्मी कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. ती कधी कुठल्या मैदानावर खेळलीच नव्हती. सरांनी तिला एकदाच पाहिलं होतं, तेही एसटीच्या खिडकीतून. न्हावऱ्याजवळ ज्वारीच्या रानात ती मचाणासारख्या माळ्यावर उभी राहून पाखरं राखत होती. तिनं हातानंच एक ढेकूळ फेकलं. ते इतक्या लांब गेलं, की सरांनी पुढच्याच थांब्यावर उतरून तिचं घर गाठलं आणि नव्या मुलींच्या यादीत तिचं नाव घालून घेतलं.

दौंडचे संपत सर पोट धरून हसले. "गोकुळ सर, एसटीच्या खिडकीतनं शेंगा घ्यायच्या असत्यात, पिचर न्हाई!"

गोकुळ सरही हसले. पण मला माहीत आहे, ते मनातून थोडे धास्तावले होते. कारण नियम असा होता, की रविवारच्या पहिल्या सामन्याआधी निवडलेली मुलगी बदलून घेता येत होती. ती एकदा परत गेली, की त्या वर्षी तिला दुसरा कुठलाच संघ घेऊ शकत नव्हता. आणि पुढल्या वर्षी रश्मीचं वय बसणार नव्हतं. म्हणजे जे काही व्हायचं ते त्या आठवड्यातच.

रश्मी आली. बारीक अंगाची, दोन वेण्या, पायात भावाचे बूट. पहिल्याच दिवशी तिनं चेंडू फेकला आणि माझ्या कानाशी वारा सुटल्यासारखं झालं. काय वेग होता! पण चेंडू माझ्यात आलाच नाही. माझ्या उजव्या बाजूनं हातभर अंतरावरून गेला आणि मागच्या भिंतीवर आपटला. दुसरा तसाच. तिसराही तसाच. अनुपमा उड्या मारून मारून दमली.

बेसबॉलमध्ये असे बाजूला गेलेले चेंडू फार महागात पडतात. चार गेले, की समोरच्या संघाला फुकट चाल मिळते.

"पोरी, ग्लोव्हकडं बघ," सर सांगायचे.

"बघती की सर," रश्मी म्हणायची.

"मग ग्लोव्हमध्ये टाक ना!"

ती मान हलवायची, पाय उचलायची, आणि चेंडू पुन्हा हातभर बाजूला.

सरांनी सगळे उपाय करून पाहिले. तिचा पाय सरळ करून पाहिला, खांदा वळवून पाहिला, चेंडूवरची बोटं बदलून पाहिली. काही फरक पडला नाही. दुसऱ्या बाजूला उभी असलेली संघातली अपेक्षा म्हणाली, "सर, हिला ठिवा, पण मग कॅचर दोन लागतील. एक हितं, आन् एक थोडी पलीकडं."

सगळ्या मुली फिदीफिदी हसल्या. रश्मी पण हसली, पण तिनं मान खाली घातली आणि वेणीचं टोक दातात धरलं. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. आम्हा ग्लोव्हांना बोलता येत असतं तर!

शुक्रवार आला. सर मैदानाच्या कडेला गेले आणि खिशातून मोबाइल काढला. "व्हय, बदलायचीच म्हणतो," असं ते कुणाला तरी सांगत होते. "वेग हाय, पण नेम म्हणून न्हाई." रश्मीनं ते ऐकलं. ती एका बाजूला बसून भावाच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

अनुपमा तेवढ्यात मागं गेलेला चेंडू आणायला भिंतीकडं गेली. मी तिच्या हातातच होतो, म्हणून मलाही ते दिसलं. आदल्या रात्री पाऊस शिंतडून गेल्यामुळं मैदान ओलं होतं आणि चेंडूला चिखल लागत होता. रश्मीच्या सकाळपासूनच्या सगळ्या चेंडूंचे ठसे भिंतीवर उमटले होते. पण ते सगळीकडं पसरलेले नव्हते. सगळेच्या सगळे एका भाकरीएवढ्या जागेत होते.

अनुपमा कमरेवर हात ठेवून बघतच राहिली. मग तिथूनच ओरडली, "सर, फोन ठिवा! आधी हे बघा! नेम नसलेलीचे चेंडू असे एका जागी पडत्यात व्हय?"

सर आले. भिंतीकडं पाहिलं, मग रश्मीकडं पाहिलं, मग परत भिंतीकडं. फोनमधला माणूस "हॅलो, हॅलो" करत होता.

"रश्मे, नाड्या बांध," अनुपमा म्हणाली. ती माझ्यासकट जागेवर बसली आणि तिनं मला मुद्दाम हातभर उजवीकडं धरलं. "टाक आता!"

माझा जीव उल्हसित झाला. आता चेंडू नक्की माझ्यात! रश्मीनं फेकला आणि काय सांगू, चेंडू पुन्हा माझ्या उजवीकडून हातभर गेला! अनुपमानं मला डावीकडं नेलं. तो तिथूनही हातभर बाजूला. वर धरलं, खाली धरलं. मी जिथं जाईन तिथून तेवढाच, ना बोटभर कमी ना बोटभर जास्त.

अनुपमा उठली आणि सरळ तिच्यापाशी गेली. "खरं सांग, तू मुद्दाम करतीस का?"

रश्मी गोंधळली. "म्हंजी काय ताई? बाजूलाच टाकायचा आस्तो की. नेम धरल्याला लागू द्यायचा न्हाई."

"कुणी सांगितलं तुला?"

"आज्जीनं. पाखराला ढेकूळ लागता कामा न्हाई. नुसतं शेजारनं गेलं पायजे, मग थवा उठतो. लागलं तर आज्जी त्या दिवशी जेवायला न्हाई वाढायची. म्हणायची, त्येला पण प्वाट हाय, उडव, पण मारू नको." मग जरा थांबून ती हळूच म्हणाली, "आन् ताई, तुमचा हात हाय की त्यात. लागंल ना तुमाला."

गोकुळ सर डोक्याला हात लावून खाली बसले आणि हसत सुटले. "आरं देवा! इतके दिस मी हिचा खांदा दुरुस्त करतोय!"

अपेक्षासुद्धा हसली, पण या वेळचं हसणं वेगळं होतं. तिनं स्वतः जाऊन चेंडू आणला, ओढणीनं पुसला आणि रश्मीच्या हातात दिला.

पण सवय काही एका हसण्यानं जात नाही. रश्मीनं माझ्यावर नेम धरला की तिचा हात आपोआप बाजूला व्हायचा. लहानपणापासूनची शिकवण ती! तेव्हा अनुपमानं तिला जवळ बोलावलं, मला उघडलं आणि माझी तेल पिऊन काळी झालेली खोलगट जागा दाखवली.

"हे बघ. हे पाखरू न्हाई. हे घरटं हाय. पाखरू तुझ्या हातात हाय. तू त्येला मारायचं न्हाईस, नुसतं घरी पाठवायचं."

रश्मीनं माझ्यात बोट फिरवलं. मग लांब जाऊन उभी राहिली, पाय उचलला आणि...

थाप!

तो आवाज मी अजून विसरलो नाही. माझी वादी न् वादी थरथरली. गोकुळ सरांनी फोन कानाला लावला आणि म्हणाले, "राहू द्या हो. काही बदलायचं न्हाई."

रविवारी दौंडच्या मैदानावर सामना झाला. पहिले दोन चेंडू घाबरून बाजूला गेले. अनुपमानं मला छातीशी धरून उघडून दाखवलं. तेवढी खूण पुरली. पुढं दुपारभर थाप, थाप, थाप! सामना संपल्यावर संपत सर स्वतः आमच्याकडं आले. "गोकुळ सर," ते कान खाजवत म्हणाले, "ती कुठली एसटी म्हणायची? जरा गाडी नंबर सांगता का?"

त्यानंतर आम्ही पुष्कळ खेळलो. माझी वादी दोनदा बदलली. रश्मी मोठ्या संघात गेली, रेल्वेत नोकरीला लागली आणि लांबच्या गावी राहायला गेली. सणासुदीला तिचा फोन येतो. अनुपमाचं लग्न झालं. तिच्या सामानातून मीही या घरी आलो. सुरुवातीला ती मला अधूनमधून खाली काढायची. मग घरात बारकी लेक आली, दिवस भराभर जायला लागले आणि मी डब्यांच्या मागं सरकत सरकत पार भिंतीला टेकलो. तिचा मी राग मानत नाही. पण तेलावाचून माझं चामडं कडक झालं आहे आणि अंगावर बारीक भेगा पडल्या आहेत.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी फळीवर पडलेलं असेल तर त्याला कधीतरी खाली काढा, बोटभर तेल लावा. आणि तुमच्यातल्या कुणाचा नेम चुकत असेल तर त्याला लगेच हसू नका. आधी मागच्या भिंतीकडं जाऊन या. चेंडू कुठं पडले ते बघा आणि मग त्यालाच विचारा, 'का रे बाबा?' विचारलं की सांगतात सगळे.

तर आज दुपारी झाकण पडलं, मी पडलो, आणि आवाजानं अनुपमा धावत आली. समोर बारकी, तिच्या एका हातात लाडू आणि दुसऱ्या हातात मी. अनुपमा रागवायला आली होती, पण मला पाहून तिथंच फरशीवर बसली. तेलाची बुधली ओढली, माझा तळवा चोळायला लागली आणि चोळता चोळता तिनं बारकीला रश्मीची सगळी गोष्ट सांगितली. पाखरांची, आज्जीची, भिंतीवरच्या ठशांची. मग तिनं हळूच आपला हात माझ्यात घातला. किती दिवसांनी!

बारकी लाडू खायची थांबली. तिनं माझ्यात वाकून पाहिलं, तळव्यावर बोट फिरवलं आणि आईकडं मान वर करून विचारलं, "आई, हे घरटं हाय ना? मग ह्यातलं पाखरू कुठं गेलं?"

अनुपमानं मोकळ्या हातानं फोन ओढला आणि रश्मीचा नंबर लावला. तिचा दुसरा हात माझ्यातच होता.