सुपारीच्या डबीतलं यंत्र

विश्वनाथचं नाव निघालं की मनोहररावांच्या पोटात दुखायचं. उगाच म्हणत नाही, खरोखरीच दुखायचं. मग ते ओवा चघळायचे आणि दोष मात्र बायकोच्या भाजीला द्यायचे.

दोघांनी मिळून सीताबर्डीवर रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं होतं. वर्षानुवर्षं एका टेबलावर डोकी खुपसून बसले, एका ताटात जेवले, आणि मोडलं ते एका पॉलिशपेपरच्या तुकड्यावरून. मनोहररावांची रीत अशी, की रेडिओत नवा ट्रान्झिस्टर बसवला की त्याच्या डोक्यावर छापलेला नंबर घासून टाकायचा. नंबर गेला की आत काय बसवलंय ते दुसऱ्या मेकॅनिकला कळत नाही आणि गिऱ्हाईक झक मारत आपल्याकडेच येतं. तेव्हा पुष्कळ मेकॅनिक हेच करत, त्यात मनोहररावांना काही वावगं वाटत नव्हतं. विश्वनाथला वाटलं. वस्तू गिऱ्हाइकाची, तर नंबरही गिऱ्हाइकाचा, असं म्हणून त्यानं पेचकस खाली ठेवला आणि तो चालता झाला.

गेला तर गेला, पीडा टळली. पण हा बाबा जाऊन बसला कुठं, तर धंतोलीत, दवाखान्यांच्या गर्दीत, आणि तिथं तो कानाची यंत्रं बनवायला लागला. ही सत्तरच्या आसपासची गोष्ट. असली यंत्रं तेव्हा परदेशातून यायची आणि बंगलेवाल्यांनाच परवडायची. विश्वनाथनं साबणाच्या डबीएवढं यंत्र केलं. ते खिशात ठेवायचं आणि त्याची वायर कानाला लावायची. किंमत अशी लावली, की उमरेडच्या खाणीत सुरुंगांच्या आवाजानं कान गेलेला मजूरही ते घेऊ शकेल. वर आणखी शहाणपण म्हणजे, यंत्र कसं उघडायचं आणि काय बदलायचं हे तो ज्याला त्याला दाखवायचा. लोक म्हणायचे, देवमाणूस आहे. ते ऐकलं की मनोहररावांचा तिळपापड व्हायचा. धंदा करतो की धर्मशाळा चालवतो, असं ते चारचौघांत म्हणायचे, आणि मनात म्हणायचे, हे मला का सुचलं नाही?

आता गंमत अशी, म्हणजे ज्याच्या घरी घडली त्याला गंमत नव्हे, की मनोहररावांच्या घरातच एक बहिरं माणूस होतं. त्यांच्या बायकोचे, वच्छलाबाईंचे कान विषमज्वरात गेले होते. हाताच्या खुणांवर संसार चालला होता. शेजारपाजारच्यांनी सांगितलं, विश्वनाथकडे न्या, चालत गेलात तरी पोचाल. मनोहररावांनी साफ सांगून टाकलं, त्याचं यंत्र माझ्या घरात येणार नाही. बायकोला ऐकू आलंच तर ते माझ्या हातानं येईल.

आणि माणूस खरोखर इरेला पेटला. दुकान बंद झालं की हा घरी तारांना कथलाचे डाग देत बसायचा. पितळेच्या सुपारीच्या डबीत त्यांनी यंत्र बसवलं, झाकणावर स्वतःचं नाव कोरलं, आणि सवयीप्रमाणे आतल्या प्रत्येक ट्रान्झिस्टरचा नंबर घासून टाकला. बायकोच्या यंत्राचासुद्धा! तिथं कोण चोरायला येणार होतं, ते एक त्यांनाच ठाऊक. यंत्र कानाला लावलं की कर्कश शिट्टी वाजायची. वच्छलाबाई डोळे मिटून सोसायच्या आणि मान हलवून म्हणायच्या, येते ऐकू थोडं थोडं. ते पुन्हा उघडायचे, पुन्हा डाग द्यायचे, आणि पुन्हा शिट्टी.

मग एक दिवस शिट्टी थांबली. मनोहरराव स्वयंपाकघराच्या दारातून हळूच 'पाणी' म्हणाले आणि पाठमोऱ्या वच्छलाबाईंनी पेला पुढं केला. मनोहररावांना आभाळ ठेंगणं झालं. शेवटचा डाग बरोबर बसला, असं त्यांनी ठरवून टाकलं. चालत्या यंत्राला हात लावायचा नाही हा मेकॅनिकचा नेम. त्यांनी डबी पुन्हा उघडली नाही. सेल संपला तर वच्छलाबाईच बाहेरून बदलायच्या.

त्याच सुमारास धंतोलीतल्या कानाच्या डॉक्टर चारुशीलाबाई खाणमजुरांसाठी एकदम पुष्कळ यंत्रं घेणार असल्याची बातमी कानावर आली. काम विश्वनाथला मिळणार, असं जो तो धरून चालला होता. मनोहररावांनी धुतलेला कोट चढवला आणि वच्छलाबाईंना घेऊन दवाखाना गाठला. आज त्या धर्मात्म्याचं नाक कापायचंच! वच्छलाबाई येत नाही म्हणत होत्या. लाजते, असं मनोहररावांना वाटलं.

चारुशीलाबाई पडद्यामागं उभ्या राहून कुजबुजल्या, वच्छलाबाईंनी शब्दन् शब्द परत सांगितला. डॉक्टर खूश झाल्या. मग म्हणाल्या, माझी अट एकच आहे, यंत्र बिघडलं तर उमरेडच्या कुठल्याही मेकॅनिकला ते दुरुस्त करता आलं पाहिजे. जरा उघडून दाखवा.

घासलेले नंबर बाईंच्या लक्षात येतील, पण बोलू काहीतरी, असा विचार करून मनोहररावांनी झाकणाचे स्क्रू काढले.

आत सगळे नंबर जागच्या जागी होते. काळे, स्वच्छ, ठसठशीत. एकालाही पॉलिशपेपर लागला नव्हता. आणि ते नेटके, बारीक डाग! तो हात मनोहररावांनी वर्षानुवर्षं शेजारी बसून पाहिला होता.

"वा," डॉक्टर वाकून बघत म्हणाल्या, "हेच हवं होतं मला. काम तुम्हालाच देते."

नुसतं हो म्हणायचं होतं. डबी त्यांची, नाव त्यांचं, बायको त्यांची. वच्छलाबाई पदराचं टोक मुठीत धरून त्यांच्याकडे बघत होत्या. मनोहररावांनी डबी डॉक्टरांच्या समोरून ओढून घेतली.

"हे माह्यं नाही," ते म्हणाले. "विश्वनाथचं आहे. त्यालेच द्या काम."

याला प्रामाणिकपणा म्हणू नका. त्या माणसाची भीक आपल्या नावावर घेणं त्यांना जमेना, एवढंच. डॉक्टरांनी काही विचारायच्या आत ते डबी बंद करून बाहेर पडले. वच्छलाबाई मागोमाग आल्या. रस्त्यावर, लिंबाच्या झाडाखाली मनोहरराव गर्रकन वळले.

"त्याच्याकडे गेली तू? काहून गेली वं?"

"तुमच्यासाठी," वच्छलाबाई म्हणाल्या.

"माह्यासाठी?"

"तुमच्या यंत्रात नुसती शिट्टी वाजे. तुमी एवढे राबून राहिले होते, सांगावं कसं? अन् मले तुमचं बोलणं ऐकायचं होतं. त्यानं सगळं काढून आपलं बसवून दिलं. म्हणे, डबी तीच राहू द्या वहिनी, मनोहरले वाईट वाटन."

त्यातही विश्वनाथच मोठा ठरला होता, आणि ते मनोहररावांना आतून कुरतडत होतं.

वच्छलाबाईंनी कानातली वायर नीट केली. त्या रागावल्या नव्हत्या. त्यापेक्षा त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कान नव्हते तेव्हा तुमचे ओठ हलताना दिसत. मले वाटे, बोलत असन माणूस काहीतरी माह्याशी. आता सारं ऐकू येते. सकाळी विश्वनाथ, जेवताना विश्वनाथ, दिवा मालवला तरी विश्वनाथ. एवढ्या दिवसांत माह्याबद्दल एक शब्द नाही बोलले तुमी."

एवढं बोलून त्या घराच्या दिशेनं चालू लागल्या. मनोहरराव लगबगीनं त्यांच्या बरोबरीला आले. आता काहीतरी बोलायलाच हवं होतं, ताबडतोब, काहीही, तिच्याबद्दल. त्यांनी तोंड उघडलं, तर जिभेवर पहिलं आलं ते विश्वनाथचंच नाव. त्यांनी तोंड मिटून घेतलं.